मिरचीचा नवा अल्टरनेटर

पंचगंगेच्या काठी एका गावात नीळकंठ नावाचा एक गाडीवेडा माणूस राहत होता. उसाच्या चरकांचे रूळ बनवायचा त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक मोठी शेड, दोन लेथ आणि कायम तेलाचा वास. काम चोख, त्यामुळे पोटापाण्याची ददात नव्हती. लग्न मात्र त्याने केलं नाही. कुणी विचारलंच, तर तो शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचा. तिथे मिरची उभी असायची.

मिरची ही त्याची गाडी. लाल, बुटकी, उघड्या टपाची. पुढे दोन माणसं ऐसपैस आणि मागे दोन जेमतेम बसतील एवढी तिची जागा. कुणीतरी भंगारात काढलेली ती स्पोर्ट्स कार नीळकंठाने घरी आणली आणि वर्षानुवर्षं तिच्यावर जीव ओतला. इंजिन मोठं बसवलं. गाडी जमिनीकडे खाली घेतली. इंजिन थंड राहावं म्हणून विजेवर चालणारे दोन दणकट पंखे लावले. समोर दिव्यांची रांग आणि मागे गाण्यांसाठी स्पीकर. थंडीत घाटातली शर्यत असायची, तिच्यात मिरची दरवर्षी भाग घ्यायची. पहिली कधीच आली नाही, पण टाळ्या तिलाच जास्त पडायच्या.

गाडीचं सगळं वायरिंग बादशहा मुजावरने केलं होतं. बादशहाचं बाजारपेठेच्या चौकात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. अंगाने तो थोराड होता आणि आवाज अंगाहून मोठा. नीळकंठ आणि तो शाळेत एका बाकावर बसले होते आणि तेव्हापासून भांडत होते. दोघांचाही एकमेकांवाचून दिवस जात नसे.

नीळकंठाच्या शेजारच्याच घरात त्याची बहीण शकूआक्का राहायची. तिचे यजमान सैन्यात होते, सुट्टीला येत तेवढेच. त्यामुळे त्यांची मुलगी केतकी मामाच्या शेडमध्येच लहानाची मोठी झाली. पान्यांची नावं तिला बाराखडीच्या आधी आली. पुढे ती इंजिनिअर झाली, वीज कंपनीत लागली, पण कामावरून घरी जाताना आधी शेडमध्ये डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

केतकीचं लग्न ठरलं. मुलगा गावातलाच, नदीकडच्या आळीतला. शार्दूल त्याचं नाव. बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं निघायच्या आतच केतकी म्हणाली, "माझी एकच अट आहे. वरात मामाच्या मिरचीतून निघणार आणि मामाच गाडी चालवणार."

शार्दूल हसला. "मला चालेल. फक्त मामांना सांग, वरात आहे, घाट नाही."

सगळे हसले. नीळकंठ उठून बाहेर गेला. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाला.

त्या दिवसापासून मिरचीची रोज आंघोळ सुरू झाली. आणि लग्नाला महिना उरला असताना एके दिवशी गाडीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला तो विझेचना. अल्टरनेटर जळाला होता.

गाडीतला अल्टरनेटर इंजिनाबरोबर फिरतो आणि वीज बनवतो. त्या विजेवर दिवे लागतात, पंखे फिरतात, इंजिनात ठिणगी पडते आणि उरलेली वीज बॅटरीत जाते. नीळकंठाने हौसेने एकावर एक इतकं काही जोडलं होतं की जुन्या अल्टरनेटरचा दमच निघाला.

संध्याकाळी बादशहा एक दुसरा अल्टरनेटर घेऊन आला आणि त्याने तो टेबलावर ठेवला. काळपट, धुळकट, ओबडधोबड.

"हा घे. टॅक्सीला बसवतात. दिवसभर गर्दीत उभ्या असतात बिचाऱ्या, पण बॅटरी कधी उतरत नाही."

"माझ्या मिरचीला टॅक्सीचा अल्टरनेटर?" नीळकंठाने त्याला हातसुद्धा लावला नाही.

"वरातीला टॅक्सीच बरी. मुंगीच्या पावलांनी तर जायचंय."

केतकी तिथेच स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मामा, तुला हवा तो घे. फक्त घेताना एक गोष्ट विचारून घे. गाडी जोरात असताना किती वीज देतो ते सगळेच सांगतात. तू विचार, गाडी उभी असताना किती देतो."

"हो गं माझे आई," नीळकंठ म्हणाला, आणि ते विसरून गेला.

रविवारी तो शहरात गेला. तिथल्या एका मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात एक अल्टरनेटर ठेवला होता. चांदीच्या समईसारखा लखलखीत. खाली विजेचा भला मोठा आकडा लिहिला होता. जुन्याच्या दुप्पट तर सहज. नीळकंठाची नजर त्याच्यावर पडली आणि तिथेच राहिली.

दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "गाडी कशासाठी वापरता?"

नीळकंठाच्या मागे दोन तरुण उभे होते. अंगात शर्यतीचे टीशर्ट, हातात हेल्मेट. भाचीच्या वरातीसाठी, असं खरं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्या दोघांसमोर ते सांगायची त्याला लाज वाटली.

"शर्यतीसाठी," तो म्हणाला.

"मग हाच न्या," दुकानदार म्हणाला. "शर्यतीला याच्यासारखा नाही."

नीळकंठाने तो मांडीवर घेऊन घरी आणला. बसवला. मग बॉनेट उघडं ठेवून मिरची शेडच्या दारात उभी केली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. चकाकी बघून लोक "वा" म्हणायचे आणि नीळकंठ त्यांना तो आकडा दोनदोनदा सांगायचा. हायवेवर नेऊन त्याने गाडी मनसोक्त पळवली. डॅशबोर्डवरचा विजेचा काटा ताठ उभा. सगळे दिवे लखलखीत, पंखे भन्नाट, गाणी जोरात. परत आला तेव्हा त्याची छाती फुगली होती.

"आता एकदा गावातून हळू फिरवून आण," केतकी म्हणाली.

"हायवेवर पळाली ती गावात चालणार नाही होय?" नीळकंठ हसत म्हणाला. बादशहा काही बोलायला गेला, पण नीळकंठाने स्पीकरचा आवाज वाढवला.

लग्न आठवड्यावर आलं. हारांची ऑर्डर द्यायला नीळकंठ आणि बादशहा मिरचीतून निघाले. त्या दिवशी गावचा बाजार भरला होता. भाजीवाल्या, बैलगाड्या, सायकली, सगळी एकच दाटी. कुणीही दुसरा मागच्या रस्त्याने गेला असता. नीळकंठाने मुद्दाम बाजारातून गाडी घातली. भर दुपारी सगळे दिवे लावले आणि गाणं लावलं.

गाडी पावलापावलाने सरकू लागली. कोथिंबिरीच्या ढिगापाशी थांबली, पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. लोक कौतुकाने बघत होते. बादशहा मात्र काट्याकडे बघत होता.

"नीळ्या, काटा खाली चाललाय. दिवे बंद कर."

"गप बस रे."

गाण्याचा आवाज हळूहळू घोगरा झाला. दिवे पिवळे पडले. पंखे मंदावले आणि थांबले. इंजिन तापलं. मिरचीने दोन आचके दिले आणि भर चौकात, बादशहाच्या दुकानासमोरच, ती बंद पडली. किल्ली फिरवली तर नुसतं कट असं वाजलं.

मग कुणीतरी म्हणालं, "काय नीळूभाऊ, धक्का मारू का?" आणि सगळा बाजार हसला. एक टोमॅटोवाली म्हणाली, "एवढा भारी अल्टरनेटर बसवला नव्हं? त्याला काय झालं?"

नीळकंठाचे कान तापले. इतक्या दिवसांची सगळी मिजास लोकांच्या पायाखाली चाललेली त्याला दिसली. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, तेही मोठ्याने,

"अल्टरनेटर भारीच आहे. वायरिंग कुणी केलंय ते विचारा!"

लोकांनी बादशहाकडे पाहिलं. बादशहा कधी गप्प बसला नव्हता. मास्तरांसमोर नाही, फौजदारासमोर नाही. त्या वेळी तो गप्प बसला. खाली उतरला. पाठ लावून त्याने गाडी ढकलली, बाजारातून बाहेर काढून थेट शेडपर्यंत नेली, नळावर हात धुतले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नीळकंठाने स्वतःला सांगितलं की दुकानात काम असेल. पण काम नव्हतं. गावात बातमी पसरली होती की मुजावरच्या वायरिंगने मिरची बंद पडली. मुजावरकडे उभा राहिलेला एक ट्रकवाला गाडी घेऊन दुसरीकडे गेला. रसवंतीच्या मालकाने जनरेटरचं काम काढून घेतलं. चरकाचा रूळ न्यायला आला तेव्हा त्यानेच हे नीळकंठाला सांगितलं, आणि वर म्हणाला, "बरं झालं तुम्ही सावध केलंत."

नीळकंठाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सायंकाळी केतकी आली. हातात वीज मोजायचा मीटर होता. मनगटावर लग्नाचा हिरवा चुडा अजून यायचा होता, पण हळद चार दिवसांवर आली होती.

"बॅटरी चार्ज झाली ना? मग गाडी सुरू कर," ती म्हणाली. तिने मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. "दिवे, पंखे, सगळं लाव. आता रेस दे."

मीटरचा आकडा झरझर वर चढला.

"आता रेस सोड."

आकडा उतरू लागला. उतरत राहिला. पंखे कण्हू लागले. केतकीने गाडी बंद करायला सांगितली आणि मग सगळं वायरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासलं. जोड घट्ट, तारा थंड. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

"मामा, दुकानात गेलास तेव्हा त्यांना काय सांगितलंस? गाडी कशासाठी हवी म्हणून?"

नीळकंठ जमिनीकडे बघत राहिला. "शर्यतीसाठी."

"मग त्यांनी योग्यच दिलाय. हा अल्टरनेटर वाईट नाही. हा पळताना वीज देतो, भरपूर देतो. उभ्या गाडीत याला पुरेसं फिरायलाच मिळत नाही." तिने तारा गुंडाळल्या. "पण माझी वरात पळणार नाही, मामा. बाबा पहिल्यांदा माझ्या कुठल्या समारंभाला पुरते थांबणार आहेत. ते नाचत नाचत पुढे चालणार. ते थांबतील तिथे आपण थांबायचं."

"आणि बादशहामामा कुठे आहे?" तिने विचारलं. "पत्रिका द्यायला गेले तर म्हणाला, वरातीला येणार नाही. पाय दुखतोय."

एवढं बोलून ती गेली. नीळकंठ बराच वेळ त्या लखलखीत अल्टरनेटरकडे बघत बसला. त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, वाकडा आणि लांबट. एक सोपी वाट होती. मागच्या डिकीत एक जादा बॅटरी लपवायची. वरात कशीबशी निभावली असती. कुणाला काही सांगावं लागलं नसतं, आणि दोष ज्याच्या माथी बसला होता त्याच्याच माथी राहिला असता.

त्या वाटेने जायचं नाही, असं त्याने ठरवलं.

सकाळी चौक गजबजलेला असताना तो बादशहाच्या दुकानात गेला. बादशहा एका रिक्षाच्या तारांना टेप गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"बादशहा, वायरिंग चांगलं होतं. चूक माझी होती," नीळकंठ म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"म्हटलं, चूक माझी होती."

"त्या दिवशी बाजारात तर चांगला घसा मोकळा होता तुझा."

नीळकंठाने इकडेतिकडे पाहिलं. मग तो दुकानाच्या पायरीवर चढला आणि चौकाकडे तोंड करून ओरडला, "ऐका हो! मिरची बंद पडली ती माझ्यामुळे! मी दिमाखापायी चुकीचा अल्टरनेटर आणला! बादशहाच्या वायरिंगमध्ये एका तारेचा दोष नाही! याने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही!"

पानवाला टपरीतून बाहेर आला. हमाल थांबले. त्या दिवशीची टोमॅटोवालीही होती. ती म्हणाली, "आता कसं शहाण्यावानी बोललास!" चौक पुन्हा हसला. पण या हसण्याने नीळकंठाचे कान तापले नाहीत. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

बादशहाने टेप खाली ठेवली. "चहा सांग," तो म्हणाला. "आणि खारी. तीन दिवस तुझ्यावर रागावून माझं पोट बिघडलंय."

चहा झाल्यावर त्याने बाकाखालून तोच काळपट अल्टरनेटर बाहेर ओढला. "एकाने मागितला होता. दिला नाही."

"तुझा पाय कसा आहे?" नीळकंठाने विचारलं.

"कुठला पाय?" बादशहा म्हणाला.

दोघे शेडमध्ये आले. टॅक्सीचा अल्टरनेटर मिरचीत सरळ बसेना, म्हणून नीळकंठाने लेथवर त्याच्यासाठी नवी बैठक तयार केली. बादशहा मात्र घुटमळत होता. शेवटी त्याने स्पष्ट सांगितलं. "एक आहे, नीळ्या. याची एकूण वीज बेताची, सगळ्याला पुरणार नाही. समोरची दिव्यांची रांग काढावी लागेल. आणि घाटात तू इंजिन पिळून काढतोस, ते याला सोसायचं नाही. शर्यत बंद."

नीळकंठाचा हात थांबला. शर्यतीच्या टाळ्या त्याला फार आवडायच्या. त्याने मिरचीच्या पाठीवरून हात फिरवला. घोड्यावरून फिरवावा तसा.

"काढ दिवे," तो म्हणाला.

मग त्यांनी परीक्षा घेतली, आणि तीही पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट न बघता. शेडपासून चौकापर्यंत मिरची मुंगीच्या पावलांनी निघाली आणि बादशहा बँडमास्तरासारखा हात हलवत तिच्यापुढे चालला. तो थांबला की गाडी थांबायची. पंखे फिरत राहिले. काटा जागचा हलला नाही. लोकांनी विचारलं, चकाकणारा कुठे गेला? नीळकंठाने सांगितलं, "शर्यतीच्या एका पोराला दिला. त्याच्या कामाचा होता तो."

लग्न लागलं. ऊन उतरल्यावर वरात निघाली. पुढे ढोल-ताशे, मागे मिरची. चालवायला नीळकंठ, त्याच्या शेजारी नवा फेटा बांधलेला बादशहा, मागे केतकी आणि शार्दूल. केतकीचे वडील सगळ्यांच्या पुढे होते. आयुष्यभर शिस्तीत पावलं टाकलेला तो माणूस त्या दिवशी अगदी बेशिस्त नाचला. मारुतीच्या देवळापुढे नाचला, पिठाच्या गिरणीपुढे नाचला, दमून ओट्यावर बसला आणि पाणी पिऊन पुन्हा नाचला. वरातीला थांबायला कारणं पुष्कळ मिळाली आणि मिरची प्रत्येक ठिकाणी थांबली. इंजिन संथ घुमत होतं. गाणं एकदाही घोगरं झालं नाही. काट्याकडे बघायची नीळकंठाला दोन-तीनदाच आठवण झाली. एरवी तो आरशातून मागे बघत होता.

नदीकडच्या आळीत शार्दूलच्या घरापाशी पोचल्यावर तिथे वेगळाच गोंधळ. उंबऱ्यावर ठेवायचं तांदळाचं माप कुणीतरी आत कुठेतरी ठेवलं होतं आणि ते सापडत नव्हतं. बायका एकमेकींना विचारत होत्या. शार्दूलची आजी सगळ्यांवर ओरडत होती. मिरची दारात उभी, इंजिन चालू. नीळकंठाला घाई नव्हती. माप आणखी थोडा वेळ सापडू नये असंच त्याला वाटत होतं.

शेवटी माप सापडलं. केतकी उतरली. तिने ते उजव्या पायाने लवंडलं आणि आत गेली. लोक मागोमाग आत शिरले. अंगण रिकामं झालं. नीळकंठ तसाच स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता. बादशहानेही उतरायची घाई केली नाही.

थोड्या वेळाने केतकी पुन्हा दारात आली. पैंजणांचा आवाज करत, शालू सावरत ती गाडीपाशी वाकली आणि तिने मामाच्या हातावर हात ठेवला.

"मामा, आता बंद कर गाडी. पोचले मी."

नीळकंठाने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. आणि त्या शांततेत, इतका वेळ कुणालाही ऐकू न गेलेला त्याचा हुंदका बादशहाला स्पष्ट ऐकू आला. बादशहाने डोक्यावरचा फेटा सोडला आणि त्याचं एक टोक डोळे पुसायला नीळकंठाच्या हातात दिलं.

तात्पर्य: काही निवडताना आपली खरी गरज कबूल करायला लाजू नये. दिमाखासाठी आणलेली मोठी वस्तूही नेमक्या वेळी उपयोगी पडत नाही. आणि त्या चुकीचा दोष चारचौघांत दुसऱ्यावर टाकला असेल, तर चारचौघांतच तो आपल्याकडे परत घ्यावा. त्यातच मोठेपणा आहे.